लोहाऱ्याचा शाफ्टवाला

अपघातानंतर माझा डावा पाय क्लच दाबेना, म्हणून बाबांच्या जुन्या पिकअपला मी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवून घेतला. तेव्हापासून वेग घेतला की गाडी खालून अशी थरथरायची, की मी चालवणंच सोडणार होते. शेवटचा प्रयत्न म्हणून लोहारा गावच्या एका मिस्त्रीकडे गेले.

हा माणूस सारखा हसायचा. गाडीखाली शिरला, तर तिथूनही हसू ऐकू आलं. बाहेर येऊन त्याने दोन्ही मुठी समोर धरून फिरवल्या.

"ताई, नवा गिअरबॉक्स लांब, म्हणून मागच्या चाकांकडं जाणारा शाफ्ट कापून आखूड केला. पण जोडताना दोन टोकांचे क्रॉस, म्हणजे फिरते सांधे, एकमेकांशी वाकडे बसवले. एक अडखळला की दुसऱ्यानं सावरलं पाहिजे. हे दोघंही संगच अडखळून राह्यले!"

त्याने शाफ्ट पुन्हा सरळ जोडला आणि शेजारी येऊन बसला. दारव्हा रोडवर मी वेग वाढवला. स्टिअरिंग हातात अगदी शांत! मी आनंदाने ओरडले, तर तो माझ्याहून मोठ्याने.

"थांबवा, थांबवा!"

घाबरून ब्रेक दाबला. समोर त्याचं घर होतं. तो धावत जाऊन बायकोला घेऊन आला. तिचे हात कणकेचे.

"चाल, फिरायले!"

"कायले? पोळ्या राह्यल्या ना!" म्हणत तीही बसलीच.

गाडी माझी, पण आनंद त्याचाच जास्त होता. मी तिला विचारलं, "हे नेहमीच असं करतात?"

"कोणतीही गाडी सुधरली की असंच," ती हसत म्हणाली. "परवा तर मले रोडरोलरवर बसवून नेलतं!"