नलिनीबाईंच्या ओटीवरची रांग

प्रा. नलिनी राऊत यांची माझी पहिली भेट त्यांच्या एडवणच्या घरी, ओटीवर झाली. मी दातिवऱ्याच्या कोळ्यांची मुलगी, बोईसरच्या एका कारखान्यात संगणकाचं काम बघणारी. गणितात पीएच.डी. करायचं खूळ डोक्यात घेऊन गेले होते. पालघरच्या कॉलेजात शिकवणाऱ्या या बाई वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "रांगेत उभं राहायला कंटाळतेस का?" मी म्हटलं, "फार!" "मग जमेल तुला. कंटाळणाऱ्यालाच रांग का लांबते ते शोधावंसं वाटतं."

बाईंचा विषय रांगांचाच. फोन, संगणक, कारखान्यातली यंत्रं एकमेकांना सतत निरोप धाडतात. वेळेचे सारखे, बारीक कप्पे पाडलेले असतात. एका कप्प्यात एकच निरोप पुढे सुटतो, बाकीचे थांबतात. थांबायची जागाही मोजकी. ती भरली की नवा निरोप वाया जातो. असे किती वाया जातील हे आधीच सांगणारं एक सूत्र बाईंनी तरुणपणी मांडलं आणि त्यावर त्यांचं नाव झालं. माझा प्रबंध त्याच सूत्रावर उभा होता.

आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. संगणकावर रांग चालवून बघितली की सूत्र सांगे त्याहून जास्त निरोप वाया जात. प्रबंधाची मुदत तोंडावर आलेली. पामला, माझ्या सासरी, सासूबाई रोज विचारीत, "तुजं ता पुस्तक कवा सपतंय गो?" मी प्रोग्राम उलटापालटा केला, चूक सापडेना. बाईंच्या सूत्रावर शंका घ्यायची? छे! तेवढी माझी छाती नव्हती. शेवटी एडवण गाठलं, सगळं सांगितलं आणि म्हटलं, "बाई, मला नाही जमायचं. मी सोडते." आणि उठले.

"बस खाली," बाई म्हणाल्या. "उठायचं नाय."

एरवी बाई अगदी पुस्तकी बोलतात. आतून हलल्या की एडवणची बोली बाहेर येते.

त्यांनी वालाचे दाणे पाटावर ओळीने मांडले. "जागा भरलीय. एकाच कप्प्यात एक जातोय, एक येतोय. तुझ्या प्रोग्राममध्ये आधी कोणाला धरलंस?"

"येणाऱ्याला. जागा नसते, म्हणून तो वाया जातो. यंत्रात तसंच होतं."

बाईंनी आपली जुनी मांडणी कागदावर पहिल्यापासून केली. सुरुवातीला त्यांनीही येणाराच आधी धरला होता. पुढे एका ओळीत मात्र नकळत जाणारा आधी गेला होता, म्हणून नव्याला फुकटची जागा मिळत होती. बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग त्या हसल्या. "चुकलंय माजं. तुजं बरोबर हाय गो."

ज्या सूत्रानं नाव दिलं, त्याची दुरुस्ती बाईंनी स्वतः छापून आणली, माझं नाव आधी घालून. एका सहकाऱ्यांनी सुचवलं होतं, प्रबंधात गुपचूप नीट करा, कोण बघतंय? बाई त्यांच्यावर कडाडल्याच. "उद्या कारखान्यातल्या वायुगळतीचा निरोप असा वाया गेला, तर बघायला कोणी उरणार नाही!" माझ्या तोंडी परीक्षेतही त्यांनी सर्वांसमोर सांगितलं, "चूक माझी, शोध हिचा." मी तिथेच रडले. सांगायला लाज कसली?

अजूनही दर रविवारी बाईंच्या ओटीवर विद्यार्थी जमतात. कोणाचं गणित अडलेलं, कोणाचं घरच्यांशी बिनसलेलं. ओटी भरली तरी बाई कोणाला परत धाडत नाहीत. "सरका रे जरा" म्हणतात आणि येणारा बसतो. या एका ठिकाणी त्यांचं शास्त्र साफ गुंडाळून ठेवलेलं असतं.

आता पंचाहत्तरी आली म्हणून बाई म्हणू लागल्या आहेत, "रविवारचं बंद करते. मी उठते, नव्यांना जागा होईल." बाई, तुम्हांला निरोगी, भरपूर आयुष्य लाभो, एवढंच आम्हा सगळ्यांचं मागणं आहे. जागेची काळजी तुम्ही करू नका, आम्ही सरकून बसतो. तुम्ही मात्र उठायचं नाय.