मामांचा निरोगी डावा डोळा

माझ्या मामांचा डावा डोळा काचेचा आहे आणि श्रीरामपूरच्या एका दवाखान्याच्या लेखी तो उत्तम चालतो. थट्टा नाही, कागद आहे. अस्सल प्रत मामांच्या ट्रंकेत, झेरॉक्स माझ्याकडे. पाहुणे आले की चहाआधी मी ती बाहेर काढतो.

मामा पुणतांब्यात शिवणकाम करतात. लहानपणी विटी लागून डोळा गेला, काचेचा बसवला, आणि ही गोष्ट त्यांनी अख्ख्या गावापासून लपवली. मामींनासुद्धा लग्नानंतर कळली. मामांचं म्हणणं एकच, "एका डोळ्याच्या शिंप्याकडं ब्लाऊज कोन टाकंल?"

मग उरलेला उजवा डोळा दुखू लागला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली. मामा श्रीरामपूरला गेले. तिथल्या डॉक्टरांनी उजवा डोळा झाकला आणि म्हणाले, "वाचा." आता तुम्ही-आम्ही काय सांगितलं असतं? "साहेब, हा काचेचा आहे." पण मामांनी बाकावर बसल्या बसल्या उजव्या डोळ्यानं भिंतीवरचा अख्खा तक्ता पाठ करून ठेवला होता! शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड म्हणून दाखवला.

"एका अक्षराला मुद्दाम अडखळलो," ते नंतर मला अभिमानानं म्हणाले. "खरं वाटाया पायजे ना."

डॉक्टर फोनवर होते. बोलता बोलताच त्यांनी लिहिलं: दोन्ही डोळ्यांची नजर उत्तम, दोन्ही डोळ्यांचा दाब नॉर्मल. दाब मोजायचं यंत्र कोपऱ्यात कापड पांघरून बसलं होतं. निदान, कोरडेपणा. थेंब घाला, मोबाईल कमी बघा. मामांकडे मोबाईल नव्हता.

सहा महिन्यांत मामा दाराच्या चौकटीला खांदा धडकवू लागले. मी त्यांना नगरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासून सांगितलं, काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कडेकडेनं खात येतो. गेलेली परत येत नाही, उरलेली औषधानं राखता येते.

मामांनी एवढंच विचारलं, "सुई ओवता येईल का?"

"आज येईल. थेंब चुकवलेत तर मी सांगू शकत नाही."

मामांना घेऊन मी नगरमध्येच एक वकीलबाई गाठल्या. त्यांनी रस्ते सांगितले. दवाखान्याकडून सगळे कागद लेखी मागा, ते द्यावेच लागतात. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करा. वैद्यकीय परिषदेकडेही दाद मागता येते. "घोडं अडतं ते तज्ज्ञाच्या मतापाशी," त्या म्हणाल्या. "डॉक्टरच्या विरोधात डॉक्टर सहसा लिहून देत नाही."

मी म्हणालो, "बाई, डावा डोळा काचेचा आहे."

त्यांनी कागद पुन्हा वाचला. चष्मा काढला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग एकदम थांबल्या. "पण नजर उत्तम कशी लिहिली?"

मामांनी खाली मान घालून तक्त्याची हकिगत सांगितली.

"म्हणजे डॉक्टर म्हणणार, पेशंटनंच फसवलं!"

"वाचून दावलं, कबूल," मामा उसळले. "पन दाब? दाब काय मी पाठ करून म्हनला व्हता?"

वकीलबाईंनी हे वाक्य जसंच्या तसं टिपून घेतलं. आमची सगळी केस त्या एका वाक्यावर उभी राहिली.

तक्रारीत वकीलबाईंनी काचेचा उल्लेख मुद्दाम टाळला, डावा डोळाही नीट तपासला होता का एवढंच विचारलं. डॉक्टरांचं उत्तर आलं ते असं: तपासणी पूर्ण व काळजीपूर्वक केली असून रुग्णाचा डावा डोळा त्यावेळी निरोगी होता. इतकी ठाम बाजू त्या डोळ्याची मामांनीही कधी घेतली नव्हती. आता तो चार लोकांत काढून दाखवणं भाग होतं. मामांचं अवसान गळालं. "गावात कळंल. ऱ्हाऊ द्या ती केस."

मामी काज करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "डावा नुस्ता दावायचा, उजवा बगायचा. कंचा सांभाळायचा ते ठरवा. मला दोन दोन डोळं न्हाई सांभाळाया जमत."

आयोगानं दोन्ही बाजूंना समेटासाठी बसवलं. मामांनी डोळा काढला, रुमालानं पुसला आणि डॉक्टरांच्या त्या उत्तरावर ठेवला. पंख्यानं कागद फडफडत होता, तो थांबला. डॉक्टर पांढरे पडले. हात जोडून माफी मागू लागले, आणि बोलत होते सगळं त्या टेबलावरच्या डोळ्याकडे बघून.

"डॉक्टर," मामा म्हणाले, "मी हिकडं हाय."

भरपाईचं बोलणं वकीलबाईंनी केलं. मामांची अट एकच होती: उत्तराच्या त्याच कागदावर, स्वतःच्या हातानं, डोळ्याचा दाब मोजला नव्हता असं लिहायचं. डॉक्टरांनी लिहिलं. मामांनी कागद तोंडासमोर धरला. कडेचं दिसत नाही म्हणून ओळीबरोबर अख्खी मान डावीकडून उजवीकडे नेत त्यांनी तो वाचला. मग कागद परत सरकवला.

"सही ऱ्हायली," म्हणाले.