लांब डोक्याचा राजा आणि ताईची मुलगी

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला मी दुसऱ्यांदा नापास झालो, तेव्हा आमच्या वर्ध्याच्या घरात नुकतीच केबल आली होती. वडील कापडाच्या दुकानात, आई स्वयंपाकघरात आणि मी दुपारभर टीव्हीपुढे. तिथेच मला तो इजिप्तचा राजा भेटला. लांबुळकं डोकं, निमुळता चेहरा, बारीक मान, सुटलेलं पोट. त्यानं जुने देव बाजूला सारून एकट्या सूर्याच्या तबकडीची पूजा सुरू केली होती. कार्यक्रमात सांगत होते, हा माणूस नव्हताच. आभाळातून आलेल्यांचा वंशज होता आणि ती तबकडी म्हणजे त्यांचं यान. मला ते पटलं. खरं तर मला ते हवंच होतं. नोकरीच्या अर्जांपलीकडे जगात काहीतरी मोठं घडलेलं आहे, या विचारानं मला एका जागी बसवत नसे. रद्दीच्या दुकानातून हिंदी मासिकं आणून मी कात्रणं वहीत चिकटवू लागलो.

त्याच उन्हाळ्यात ताई बाळंतपणाला माहेरी आली. तिचं सासर वडनेरचं, शेतीवाडीचं. मुलगी झाली. बाळाचं डोकं मागे लांब होतं, बाजूंनी चेपल्यासारखं. मालीश करणाऱ्या बाई म्हणाल्या, "निंगताना दबलं असन. तेल लावून लावून गोल होते."

दोन महिने गेले तरी डोकं गोल झालं नाही. घरात सगळे हळू आवाजात बोलत आणि मी एकटा खुशीत. वही उघडून ताईला राजाचा फोटो दाखवला. "हे पाह्य, सेम टू सेम. हे साधं पोरगं नाई."

ताईनं वही बंद केली. "माही पोरगी का आभायातून पडली?"

भाऊजी रविवारी येत. पोरीला मांडीवर घेऊन तिच्या डोक्याकडे बघत राहत. एकदा म्हणाले, "मले वाटते, डॉक्टरले दाखवाव."

"काऊन, भाऊजी? डॉक्टरले का समजते यातलं?" मी हसून म्हणालो आणि अर्धा तास त्यांना राजाचं सांगत बसलो. ते मन लावून ऐकत होते. शिकलेला साळा सांगतो आहे म्हणून डॉक्टरचा विषय पुन्हा काढला नाही आणि संध्याकाळच्या बसनं गावी गेले.

एका सकाळी ताई आंघोळीला गेली आणि तेलाची वाटी माझ्या हातात आली. टाळूवर बोटं फिरवताना मधोमध कातडीखाली काहीतरी लागलं. कपाळापासून मागेपर्यंत टणक उंचवटा, दोरी ठेवल्यासारखा. मी पुन्हा चाचपून पाहिलं. माझ्याच एका कात्रणात लिहिलं होतं की अशा लांब कवट्यांना वरची मधली सांध, म्हणजे दोन हाडांमधली फट, नसते, म्हणून त्या माणसांच्या नव्हेत. हिलाही तिथे फट नव्हती, पण ही तर माणसाचीच पोर होती. माझा अंगठा तोंडात घालून चोखत होती.

चार दिवस मी कुणाला बोललो नाही. बोरगावपर्यंत सायकल हाणायची, परत यायचं, पुन्हा निघायचं. पाचव्या दिवशी वडनेरची बस धरली आणि शेतात जाऊन भाऊजींना सांगितलं, "चूक झाली माही. आजच डॉक्टरकडे चला."

डॉक्टरांनी कागदावर कवटी काढून दाखवली. "हाडांमधल्या सांधी उघड्या असतात म्हणून डोकं वाढतं. हिची मधली सांध आधीच जुळली. मग डोकं जिकडे जागा मिळेल तिकडे वाढतं. यात कुणाची चूक नाही. पण आता उशीर करू नका."

कुणाची चूक नाही, हे ते ताईला सांगत होते. मी खाली बघत होतो.

ऑपरेशन नागपूरला झालं. बाळाला आत नेलं आणि दार लागलं. ताई आईच्या खांद्यावर डोकं टेकून बसली. मी जिना उतरत होतो, चढत होतो. भाऊजींनी मला हाताला धरून बाकावर बसवलं.

"त्या राजाचं सांग ना काई. टाइम जाईन."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. यानाचं काही तोंडातून निघेना. म्हणून कोरलेल्या चित्रांतलं जे आठवलं ते सांगितलं. राजाच्या मुलींची डोकीही तशीच लांब दाखवली आहेत. एका चित्रात तो एकीला हातांत धरून तिचा मुका घेतो आहे.

भाऊजी दाराकडे बघत म्हणाले, "मंग बापच व्हय ना तो."

मुलगी बरी झाली. डोकं बाजूंनी हळूहळू भरत गेलं. ती शाळेत जाऊ लागली, तेव्हा ताई तिच्या दोन वेण्या घाली आणि टाक्यांची रेघ केसांत लपून जाई. मी वाया घालवलेल्या त्या दिवसांबद्दल ताई-भाऊजींनी मला कधी एक शब्द विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं. पुढे मी शाळेत विज्ञान शिकवायला लागलो. अजूनही बसमध्ये कुणाच्या कडेवर तान्हं मूल दिसलं की माझी नजर आधी त्याच्या डोक्यावर जाते. काही शंका आली तर बोलावं की नाही, याचा विचार करेपर्यंत त्यांचा थांबा येतो.