उत्तरासाठी सोडलेली जागा

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला अक्कल शिकवायला नको. मी भूगोल शिकवते. दगड, माती, नदी, पाऊस... जे मोजता येतं तेवढंच मला कळतं. अंगात येणं, बाहेरचं लागणं असले विषय निघाले की मी सरळ उठून चहा ठेवायला जाते. या सदरातले अनुभव घरी मोठ्याने वाचून दाखवत मी हसलेली आहे. आज लिहायची पाळी माझ्यावर आलीय, तर तुम्ही हसा खुशाल.

माहेर धुळ्याचं, सासर जळगावचं आणि नोकरी यावल तालुक्यातल्या एका कॉलेजात. आमची बी.ए.ची निम्मी मुलं केळीच्या कामावर जातात. कापणीचा जोर असला की वर्ग ओस पडतो. रागावून झालं, हजेरीचा धाक दाखवून झाला, काही उपयोग नाही. शेवटी मी मोबाइलवर पॉडकास्ट करायला लागले. बेडरूमचं दार लावायचं, पंखा बंद करायचा, घामाघूम होत धडा बोलायचा आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून द्यायचा. मुलं बागेत, एसटीत, पॅकिंगच्या शेडमध्ये ऐकायची. वर्गात कधी तोंड न उघडणारी पोरं मला फोन करून शंका विचारायला लागली, म्हणून मीही जरा हवेत होते.

माझी एक पद्धत होती. नुसती बडबड ऐकून पोरं पेंगतात, म्हणून मी मध्येच प्रश्न विचारायची आणि म्हणायची, "आता मी थांबते. मोठ्याने उत्तर द्या, मनातल्या मनात नको." मग खरंच गप्प बसायची, सावकाश उत्तर देऊन होईल इतका वेळ. आणि मग म्हणायची, "बरोबर. पुढे जाऊ या." कुणी काहीही ठोकून दिलं असलं तरी बरोबरच. एसटीत एकटाच मोठ्याने 'बेसॉल्ट' म्हणणाऱ्याची बाकीची मुलं टिंगल करायची, पण सवय लागली सगळ्यांना.

सावद्याची वैशाली माझ्या शेवटच्या वर्षाच्या वर्गात होती. ती आणि तिची आई सुमनताई एकाच शेडमध्ये कामाला. केळीच्या फण्या धुवायच्या, पुसायच्या, खोक्यात भरायच्या. वैशाली फोन खांबाला टांगायची, त्यामुळे माझा धडा दोघींचाही व्हायचा. आणि गंमत म्हणजे उत्तरं वैशाली नाही, सुमनताईच द्यायच्या.

सुमनताईंचं माहेर शिरपूरकडचं, तापीकाठचं. म्हणजे बोलणं अस्सल अहिराणी. सावद्याकडची बोली वेगळी, त्यामुळे 'आहे'ला 'शे' आणि 'आहोत'ला 'शेतस' म्हणणाऱ्या सुमनताईंना शेडमधल्या बाया हसायच्या. एका भागात मी विचारलं होतं, "महाराष्ट्रातल्या बऱ्याच मोठ्या नद्या पूर्वेला जातात, मग तापी पश्चिमेला का जाते?" मला खचदरी हे उत्तर हवं होतं. सुमनताई हातातली फणी न सोडता म्हणाल्या, "मना माहेरले जास ती." वैशालीने हे सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसले. कारण साफ चूक, पण दिशा बिनचूक. पुढे त्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला आल्या तेव्हा माझा हात धरून म्हणाल्या, "बाई, तुम्हनं बोलनं माले बठ्ठं समजस." बठ्ठं म्हणजे सगळं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कुणी एवढी मोठी पावती दिलेली नाही.

दिवाळीनंतर सुमनताई गेल्या. सकाळी कामावर निघताना चक्कर आली आणि जळगावला दवाखान्यात पोहोचायच्या आतच संपलं. गाडीत त्यांनी वैशालीचं मनगट घट्ट धरलं होतं. काहीतरी सांगायचं होतं त्यांना... ओठ हलत होते, पण शब्द फुटला नाही.

वैशाली कॉलेजला यायची थांबली. मी फोन केला तर तिचे वडील, नाना, म्हणाले, "मॅडम, ती परीक्षा देत नाही म्हणते. मी तर सांगून थकलो. आईचं ऐकायची ती." आणि मग काही दिवसांनी तिचाच मेसेज आला. "मॅडम, तुमच्या नवीन भागात आई बोलते."

नवीन भाग मी सुमनताई गेल्यानंतर रेकॉर्ड केलेला होता. मी लगेच फोन लावला आणि तिला समजावलं, की बाळा, दुःखात होतं असं, कान फसवतात. अगदी शहाण्यासारखं बोलले. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुम्ही थांबता ना, तिथे बोलते."

मी रविवारी सावद्याला गेले. जाताना ठरवलं होतं की तिच्यासमोर माझ्या फोनवर, माझ्याकडची फाइल लावायची. मधली शांतता तिला ऐकवायची आणि हा विषय संपवायचा. भर दुपार होती. आम्ही दोघी ओट्यावर बसलो, नाना आत खाटेवर पडलेले. मी भाग लावला. माझाच आवाज आला, "रावेर-यावल भागात केळी इतकी का होते? आता मी थांबते."

आणि मग एक बाई बोलली. खोकून, घसा साफ करून, अगदी फोनच्या जवळून.

"पानी शे, माती शे... आनि आम्ही शेतस."

पाठोपाठ माझा आवाज, "बरोबर. पुढे जाऊ या."

तो प्रश्न मी पहिल्यांदाच विचारला होता, त्यामुळे जुनं काही त्यात मिसळायचा प्रश्नच नव्हता. मी वर पाहिलं तर नाना दारात उभे. पंच्याने तोंड पुसत होते. ऐकलं होतं त्यांनी, ते त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. घरी येऊन मी तीच फाइल लॅपटॉपवर लावली तर त्या जागी काहीच नाही. पुन्हा पुन्हा लावली. बाकीच्या मुलांना आडून विचारलं, त्यांनाही काही ऐकू आलेलं नव्हतं.

त्या रविवारी सावद्याहून निघताना वैशालीने मला गेटपाशी थांबवलं होतं. म्हणाली, "मॅडम, एक काम कराल? पुढच्या भागात तिला विचारा ना, गाडीत काय सांगायचं होतं ते. शीक म्हणाली तर शिकेन. दुसरं काही म्हणाली तर ते करीन. पण ते कळल्याशिवाय मला काही सुचत नाही." मी म्हटलं, वेगळं रेकॉर्डिंग करून फक्त तुला पाठवते. तर म्हणे, "नको, धड्यातच विचारा. ती धड्यातच बोलते."

मी विचारलं. आढेवेढे न घेता विचारलं, हे मात्र माझ्या बाजूने लिहून ठेवते. नद्यांचा भाग संपवला आणि म्हटलं, "शेवटचा प्रश्न आपल्या एका श्रोत्यासाठी. ताई, त्या दिवशी गाडीत लेकीला काय सांगायचं होतं? आता मी थांबते." आणि थांबले. इतका वेळ कधीच थांबले नव्हते. बंद खोलीत नुसती बसून राहिले, डोळे भरून आले. मग सवयीने 'बरोबर. पुढे जाऊ या' म्हटलं.

त्याच आठवड्यात कॉलेजात तपासणी समिती येणार होती. माझे पॉडकास्ट त्यांना दाखवायचे म्हणून सगळे भाग एका नव्या अ‍ॅपवर चढवायचे ठरलं आणि मुलांना यापुढे तिथूनच ऐकायला सांगितलं. ताईंना प्रश्न विचारलेला हा भाग मी थेट त्या अ‍ॅपमध्येच रेकॉर्ड केला होता. मीटिंगची घाई होती. पुन्हा न ऐकताच पाठवून दिला.

त्या अ‍ॅपमध्ये एक सोय असते. रिकाम्या जागा ते आपोआप कापून टाकतं, म्हणजे ऐकणाऱ्याला कंटाळा येऊ नये. ती सोय सुरूच होती आणि मी पाहिलंही नव्हतं.

वैशाली शेडमध्ये फोन खांबाला टांगून उभी राहिली. बाकीच्या बायांना तिने गप्प बसायला सांगितलं होतं. आणि तिने ऐकलं ते असं — ताई, त्या दिवशी गाडीत लेकीला काय सांगायचं होतं? आता मी थांबते. बरोबर. पुढे जाऊ या.

संध्याकाळी तिचा फोन आला. रडत नव्हती, चिडलीही नव्हती. एवढंच म्हणाली, "मॅडम, तुम्ही थांबलाच नाहीत."

मूळ रेकॉर्डिंग अ‍ॅपने ठेवलेलं नव्हतं. मी त्याच रात्री जुन्या पद्धतीने, मोबाइलवर, तोच धडा पुन्हा केला. तसाच प्रश्न विचारला, तेवढीच थांबले. दुसऱ्या दिवशी सावद्याला जाऊन तिच्या शेजारी बसून ऐकला. माझी शांतता होती आणि लांब कुठेतरी पाण्याची मोटर चालू होती. त्यानंतरच्याही कुठल्या भागात सुमनताई बोलल्या नाहीत.

वैशालीने परीक्षा दिली नाही. अजून त्याच शेडमध्ये जाते. मला भेटली की नीट बोलते, घरी नेते, चहा करते. तिने मला एकदा तरी फाडून खाल्लं असतं तर बरं झालं असतं.

तो आवाज कुठून आला, मला माहीत नाही. कुणी शहाण्याने समजावलं तर मी आजही ऐकून घेईन. पण मला झोप लागत नाही ती वेगळ्याच विचाराने. अ‍ॅप म्हणे फक्त शांतता कापतं. मग त्या जागी शांतताच होती, की सुमनताई तेव्हा बोलायला म्हणून घसा साफ करत होत्या आणि मी त्यांची जागाच काढून घेतली?

पॉडकास्ट मी अजून करते, मोबाइलवरच. प्रश्न विचारते आणि थांबते, लागतो त्याहून बराच जास्त वेळ. मुलं तक्रार करतात. 'बरोबर' मात्र मी आता म्हणत नाही.