आमच्या डॉक्टरांची सुंतेची मोहीम

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. कुणाविषयी लिहिण्याइतकी माझी पोच आहे की नाही, मला शंकाच आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावे. पण हरत्या बाजूने इतक्या आनंदात भांडणारा माणूस टेंभी नाक्यावरच्या आमच्या डॉक्टरांखेरीज साऱ्या ठाण्यात झाला नाही, एवढे मी खात्रीने सांगतो.

दुसऱ्या महायुद्धात लष्करी इस्पितळात गोऱ्या डॉक्टरांबरोबर काम करून ते एक मत घेऊन आले होते: जन्मलेल्या प्रत्येक मुलाची लगेच सुंता करावी, म्हणजे पुढचे रोग टळतात. खोकल्याचे औषध न्यायला आलेल्यालाही ते हे ऐकवत. अडचण एवढीच, की मुसलमानांच्या आणि कोकणातल्या ज्यूंच्या, म्हणजे बेने इस्रायलींच्या, घरांत हे काम त्यांचीच माणसे पिढ्यान्‌पिढ्या करत आलेली, आणि आमच्या बायका डॉक्टर दिसले की तान्हे पदराखाली घेत. शेजारचे बेने इस्रायली मास्तर चहा पिता पिता म्हणत, “डॉक्टर, आमचा देवाशी करार आहे. तुमचा कुणाशी?”

“विज्ञानाशी.”

“मग ते आपले मत बदलणार नाही ना, विचारून घ्या.”

आणि विज्ञानाचे मत बदलले. विलायतेच्या मासिकात कुणा डॉक्टराने लिहिले, की तान्ह्याची पुढची कातडी चिकटलेली असते हा दोष नव्हे, ती वाढत्या वयात आपोआप सुटते. उगाच कापू नये. आमचे डॉक्टर महिनाभर त्या मासिकाशी मोठ्याने भांडत होते. आत कुणी रोगी आहे असे समजून बाहेरचे रोगी बाकावर बसून राहत.

अशात माझ्या वहिनीला मुलगा झाला. दादाला डॉक्टरांनी टायफॉइडमधून वाचवले होते, त्याला नाही म्हणवेना. इतक्या वर्षांत डॉक्टरांना मिळालेला हा पहिला होकार. त्यांनी धुतलेला कोट घातला, हत्यारे उकळली. वहिनी बाळाला सोडेना.

“डागतर, माजे पोराला काय कमी हाय, ते तरी सांगा.”

डॉक्टरांनी बाळाला तपासले. चष्मा पुसून पुन्हा तपासले.

“काही कमी नाही हो,” ते हळूच म्हणाले. “घेऊन जा याला.” आणि हत्यारे तशीच टाकून मास्तरांकडे चहाला गेले.

पुढे ते भाच्याकडे इंदूरला राहायला गेले. परवा तो भाचा आमच्याकडे आला होता. सांगत होता, तिकडे मामा घरोघरी बजावत फिरले, मुलांची उगाच सुंता करू नका. बायका गोंधळून म्हणत, आम्ही कुठे करतो? त्यावर मामा फार खूश होत. जन्मात प्रथमच सगळे त्यांचे ऐकत होते. मग तो म्हणाला, मामा दिवाळीआधी गेले.

दारात वहिनीचा बाळ्या गोट्या खेळत होता. भाच्याने विचारले, “हा कोण?”

मी म्हटले, “डॉक्टरांचा पेशंट.”