इनासच्या टाचेवरची पट्टी

पट्टीचा खर्च म्हणजे टेपचं एक रीळ आणि दर खेपेला माझी पाच मिनिटं. खरी किंमत आज सकाळी इनासच्या उजव्या पायाने मोजली.

मंडळी, देवबागला होडीची इंजिनं दुरुस्त करून मी पायावर उभा राहिलो. खाडीतून जाणाऱ्या इंजिनाचा नुसता आवाज ऐकून बिघाड सांगतो, असं इथे तुमच्यासमोर कितीदा मिरवलंय.

इनास माझा लहानपणापासूनचा दोस्त. रापण ओढतो. समुद्रात सोडलेलं ते मोठं जाळं किनाऱ्यावरून ओढताना वाळूत टाचा रोवून मागे मागे चालावं लागतं. तीन आठवड्यांपूर्वी म्हणाला, "सकाळी उठल्यार टाच टेकवक जमना नाय रे." मी खेळाडू लावतात ती पट्टी टाचेपासून पोटरीपर्यंत चिकटवून दिली. दुसऱ्या दिवशी हसत आला, "दुखणा गेला." आणि परत दोरीला लागला. मीही अडवलं नाही, उलट पट्टी सैल झाली की नवी लावून दिली.

आज जाळं ओढता ओढता तो एकदम खाली बसला. टाचेमागची शीर तुटली. डॉक्टर म्हणाले, पट्टीने दुखणं दबलं, पण पायाला विश्रांती हवी होती. आता ऑपरेशन. पुन्हा रापण ओढता येईल का, ते सांगता येत नाही.

मला रडू आवरेना, तर तोच म्हणतो, "गप रे बाब्या. तुझी पट्टी अजून सुटूक नाय, बघ."

दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं, असं तुम्हीही धरून चालता का?

हे तीन आठवडे तो रोज माझ्या गॅरेजसमोरून जायचा. त्याची उजवी चप्पल घासत वाजायची, हे आज माझ्या बायकोने सांगितलं. मला ऐकू आलं नव्हतं.