सुनेला एका वेळी एकच काम

मीरा रोडच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "तुमच्या सुनेला स्किझोफ्रेनिया आहे." मी विचारलं, "म्हणजे वेड?" ते म्हणाले, "आजार आहे, आजी. नसलेले आवाज ऐकू येतात आणि ते खरे वाटतात. गोळ्या चुकवू नका." 'आजी' ऐकून मला आधी रागच आला. तेव्हा माझी पन्नाशीही झाली नव्हती.

चार महिन्यांत आवाज थांबले. सुनंदा शांत झोपायला लागली. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

माझ्या तोंडाला लगाम नाही. आम्ही नवघरला राहतो, पाणी तासभरच येतं. त्या तासात मी एका दमात सांगायचे, "पिंप भर, कुकर लाव, दुधाकडे बघ, आणि दळण घेऊन ये." ती जागीच उभी राहायची. दूध उतू जायचं. मी म्हणायचे, "आवाज गेले ना? मग आता कसलं नाटक?" बिचारी "सॉरी, आई" म्हणायची आणि पुन्हा तशीच उभी.

शेवटी मी पीसीओवरून तिच्या वडिलांना रत्नागिरीला फोन केला, "लेकीला घेऊन जा." माझ्या मुलाने मला अडवलं नाही. त्याचंही चुकलंच.

त्याच आठवड्यात तपासणी होती. दोन तास बाकावर बसलो. नंबर लागल्यावर मी तिच्या आळसाचा पाढा वाचला. डॉक्टर म्हणाले, "आळस नाही हा. याला कॉग्निटिव्ह अडचणी म्हणतात. लक्ष टिकत नाही, ऐकलेलं डोक्यात राहत नाही, कामाचा क्रम लागत नाही. आवाज थांबले तरी हे राहू शकतं. एका वेळी एकच काम सांगा. ते झालं की दुसरं."

येताना रिक्षात सुनंदा म्हणाली, "मला सगळं करायचं असतं, आई. सुरुवात कुठून करू तेच कळत नाही." मला फार लाज वाटली. तुमच्या घरी असं कुणी असेल तर माझ्यासारखं करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

फोन करून थांबवायच्या आतच व्याही दारात. मी म्हटलं, "सुनंदा, चहा ठेव." एवढंच. पुढची तीन कामं ओठांवर आली होती, ती गिळली. आत जाऊन बघितलंही नाही, आणि हे मला फार जड गेलं.

अर्ध्या तासाने चहा आला. व्याह्यांनी घोट घेतला आणि ते थांबले. मीही घेतला. साखर नव्हती. सुनंदा माझ्याकडे बघत होती.

"आमच्याकडे असाच पितात," मी म्हटलं आणि कप संपवला.

व्याह्यांनीही संपवला. संध्याकाळी ते एकटेच परत गेले.